एमआयडीसीतलं जहाज

अंबरनाथला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना अधूनमधून शंका येईल, म्हणून. बदलापूरला नदी आहे, उल्हासनगरला नाले आहेत, अंबरनाथला देऊळ आहे आणि एमआयडीसी आहे. समुद्र नाही. तरी माझ्या नोकरीत मी जितक्या वेळा जहाजाच्या पोटात धुरात उतरलो, त्यातल्या बहुतेक वेळा मी अंबरनाथ एमआयडीसीत होतो.

मी भोईर. मूळचा खरवईचा, आता राहायला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात. एका मालवाहू बंदराच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. बंदराचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, आणि पेन्शन तिकडूनच येते.

आमच्या कामाबद्दल लोक एकच गोष्ट विचारतात. जहाजाला आग लागली तर त्यात कठीण काय, खाली सगळं पाणीच ना? तर कठीण आहे ते पाणीच. इमारतीत आपण पाणी मारतो ते जिन्यावरून वाहत गटारात जातं. जहाजात मारलेलं पाणी जहाजातच राहतं. ते एका अंगाला साचतं, त्या अंगाला जहाज कलतं, कललं की उरलेलं पाणीही तिकडेच धावतं. आग विझते आणि जहाज आडवं होतं. मालक मग विचारतो की यापेक्षा आग काय वाईट होती.

दुसरी गोष्ट उतरण्याची. इमारतीत आपण खालून वर जातो. जहाजात इंजिन रूम तळाला असते आणि वाट वरून खाली. धूर ज्या वाटेने वर येतो त्याच वाटेने आपण खाली जायचं, पेटलेल्या चुलीत धुराड्यातून उतरावं तसं. आणि सगळीकडे लोखंड. एका खोलीत आग असेल तर पलीकडच्या खोलीतल्या भिंतीचा रंग फोड आल्यासारखा फुगतो. हे सगळं सराव केल्याशिवाय जमत नाही, आणि सरावासाठी खरं जहाज कोणी पेटवू देत नाही.

आमच्या बंदरावर पूर्वी सरावाचं मैदान होतं. तिथे कंटेनर रचायला जागा हवी झाली, मैदान गेलं. मग वरून ठरलं की सरावासाठी एक खोटं जहाज बनवून घ्यायचं. पोलादी, तीन मजली, खऱ्यासारखे अरुंद जिने, वर झाकणाचं भोक, तळाला इंजिन रूम. ते काम मिळालं उल्हासनगरच्या लछूशेठना. त्यांची अंबरनाथ एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड होती. त्याआधी त्यांनी पाण्याच्या टाक्या आणि सोसायट्यांची गेटं बनवली होती.

"जहाज म्हणजे काय साईं," ते मला म्हणाले, "टाकीच आहे. फक्त खिडकी जास्ती."

पण काम त्यांनी जीव ओतून केलं. जहाज उभं राहिलं, राखाडी रंग लागला, आणि न्यायला मोठा ट्रेलर आला तेव्हा कळलं की ते शेडच्या गेटातून बाहेर पडत नाही. लछूशेठ म्हणाले, गेट तोडतो. पण गेटापुढे विजेच्या तारा होत्या, तारांपुढे नाक्यावरचं वळण होतं आणि वळणापुढे पूल होता. ट्रेलरवाल्याने नुसतं चालत जाऊन सगळं बघितलं, परत आला आणि चहा पिऊन निघून गेला.

"काटून देतो," लछूशेठ म्हणाले. "दो टुकडा. उधर जाके जोड देंगे."

यावर कार्यालयात बैठक झाली. करारात अखंड जहाज असं लिहिलं होतं. कापलं तर ते अखंड राहणार नाही. न कापलं तर येणार नाही. शेवटी एका साहेबांनी तोडगा काढला. जहाज बंदराकडे येऊ शकत नसेल तर तात्पुरतं बंदरानेच जहाजाकडे जावं. शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर जहाज सरकवून ठेवलं आणि बंदराचे फायरमन बसमध्ये बसून अंबरनाथला जहाजावर यायला लागले. हे तात्पुरतं अजून चालू आहे.

तिथला इन्चार्ज म्हणून मला नेमलं, कारण मी बदलापूरला राहत होतो. घरी सांगितलं, जहाजावर ड्युटी लागली. आमच्या हिने काळजीने विचारलं, "मग जेवणाचं काय?" मी म्हटलं, दुपारी घरी येईन. तोवर तिने शेजारी सांगून टाकलं होतं की ह्यांची बोटीवर बदली झालीय. त्यानंतर मी दुपारी रिक्षातून उतरलो की शेजारची मंडळी खिडकीत यायची. कोणी काही विचारलं नाही. फक्त एका आजोबांनी एकदा म्हटलं, "आज लवकर लागली वाटतं बोट."

शेअर रिक्षावाल्यांना मात्र काहीच विचित्र वाटलं नाही. महिन्याभरात स्टेशनबाहेर ते "जहाज, एक सीट, जहाज" असं ओरडायला लागले. शिफ्टला जाणारे कामगार "जहाजच्या आधी सोड" म्हणायला लागले.

शिकवायला आले कॅप्टन पेंडसे. आयुष्यभर व्यापारी जहाजांवर काम करून निवृत्त झालेले, अंबरनाथ पूर्वेला राहणारे. उंच, ताठ, पांढरा स्वच्छ शर्ट. पहिल्या दिवशी त्यांनी जहाजाला एक फेरी मारली आणि मला विचारलं, "भोईर, हे बांधलेलं का नाही?"

"कॅप्टनसाहेब, ते वेल्डिंग करून बसवलंय."

"बंदरातलं जहाज बांधलेलं असतं."

लछूशेठनी दोन खांब रोवून दिले. आम्ही जहाज दोरांनी बांधलं. मग कॅप्टनसाहेबांनी नियम घातला की परवानगी मागितल्याशिवाय कोणी जहाजावर पाय ठेवायचा नाही. प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचं. जहाजावर डावी-उजवी म्हणायचं नाही, पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणायचं. आमच्यातलं कोणी चुकून "साहेब, डावीकडे" म्हणालं, की कॅप्टनसाहेब तीन मजले वर असोत नाहीतर प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, तिथून आवाज यायचा, "पोर्ट." माणूस दिसायचा नाही, शब्द यायचा. आमचा घरत नावाचा फायरमन होता, उरणकडचा, अंगाने दांडगा. तो म्हणायचा, मी स्वप्नातसुद्धा डावीकडे वळायला घाबरतो.

पण खरी दहशत शिट्टीची. आम्ही खाली पाणी मारायला लागलो की कॅप्टनसाहेब किती पाणी गेलं याचा अंदाज घेत वर उभे राहायचे. त्यांच्या हिशेबाने जास्त झालं की शिट्टी मारून शांतपणे सांगायचे, "जहाज बुडालं." तेवढ्यावर ड्रिल संपायचं. बुडालेल्या माणसांना चहा मिळत नाही, असाही नियम होता. सुरुवातीला आम्ही अंबरनाथमध्ये जवळजवळ रोज बुडालो. चहावाला भय्या जिन्याखाली किटली घेऊन उभा असायचा आणि शिट्टी ऐकली की मान हलवून परत जायचा.

हसायचो आम्ही. पण एक सांगतो, दोन महिन्यांत माझी पोरं इतकं कमी पाणी वापरून आग मारायला शिकली की बंदरावरचे जुने लोक बघत राहिले.

सरावाला एक पुतळा होता. माणसाएवढा, माणसाच्या वजनाचा, आत वाळू भरलेला, वर इंजिनवाल्यांचा जाड बॉयलर सूट घातलेला. रोज आम्ही तो इंजिन रूममध्ये ठेवायचो, रोज धुरातून वर ओढायचो, मग स्ट्रेचरवर घालून बाहेर आणायचो. शेजारच्या केमिकल कंपनीच्या कॅन्टीनमधून आमचा प्लॉट दिसायचा. तिथल्या कामगारांना दिसत होतं ते असं, की पलीकडच्या शेडमध्ये रोज अकराच्या सुमारास धूर निघतो आणि एक माणूस मरतो. त्यांनी काही दिवस वाट बघितली. मग तक्रार केली.

हवालदार आले. मी त्यांना पुतळा दाखवला, हात लावायला दिला. त्यांनी हात लावला.

"हा पुतळा आहे हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण तक्रार माणसाची आहे. माणूस मेला नाही हे मी कशावरून लिहू?"

"हाच तो माणूस आहे म्हणून लिहा."

"मग हा मेलाय की नाही?"

मी "नाही" म्हणणार होतो. कॅप्टनसाहेब मात्र खरं बोलणारे. ते म्हणाले, "मंगळवारी मेला होता. आम्हाला उशीर झाला."

झालं. पुतळा मुद्देमाल म्हणून गेला. वर साहेबांशी बोलणं होईपर्यंत ठेवतो, असं हवालदार म्हणाले, आणि लछूशेठच्याच टेम्पोत त्याला बसवून घेऊन गेले.

ही गोष्ट घडली ती नेमकी मोठ्या प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात. बंदराचे सर्वांत मोठे साहेब जहाज बघायला येणार होते. मे महिना होता. कार्यक्रमाची व्यवस्था बघायला कार्यालयातून सावंत मॅडम आल्या होत्या. मांडव, खुर्च्या, गुच्छ सगळं त्यांच्याकडे. लछूशेठनी स्वतःच्या हौसेने स्वागताला बेंजो पार्टी बोलावली होती, आपल्याकडे हळदीला वाजवतात ती. फक्त पुतळा नव्हता.

"मी होतो जखमी," कॅप्टनसाहेब म्हणाले.

मी म्हटलं, घरतला निजवू. त्यांनी मान हलवली. घरतला वर काढायला घरतच लागतो, असं म्हणाले, आणि ते खरं होतं. शिवाय बेशुद्ध माणूस कसा पडतो हे आमच्यापैकी कोणालाच नीट जमत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी वर्गात ते आम्हाला अनेकदा करून दाखवलं होतं. एक हात अंगाखाली, मान एका बाजूला.

साहेब अकराला येणार होते. साडेदहालाच कॅप्टनसाहेब बॉयलर सूट आणि वर लाइफ जॅकेट घालून खाली गेले. मी पाण्याची बाटली द्यायला गेलो.

"पेटलेल्या इंजिन रूममध्ये पडलेल्या माणसाकडे बाटली नसते, भोईर."

"पण खाली तापलंय साहेब."

"तापायलाच हवं."

अकरा वाजले. साहेब कल्याण रस्त्यावर अडकलेत, असा फोन आला. मग निरोप आला की नाक्यावर आलेत, म्हणून आम्ही धुराचं यंत्र चालू केलं. त्यातून निघतो तो धूर नाटकातला, पांढरा, त्याने माणूस मरत नाही, पण कोंडतो. नाक्यावर आलेले साहेब दुसरे कोणी निघाले. यंत्र बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं.

मी झाकणापाशी वाकून हाक मारली, "कॅप्टनसाहेब, ठीक आहात ना? वर येता का जरा?"

खालून उत्तर आलं, "बेशुद्ध माणूस उत्तर देत नसतो."

वर उभी असलेली पोरं हसली. मीही हसलो. बेंजोवाल्यांनी एक गाणं वाजवून सराव केला. सावंत मॅडमनी खुर्च्यांवरचे रुमाल पुन्हा सरळ केले. उन्हाने जहाजाचा कठडा इतका तापला की हातमोज्याशिवाय धरवेना.

थोड्या वेळाने मी पुन्हा वाकलो. "कॅप्टनसाहेब?"

उत्तर नाही.

आता यात कळायचं काय? त्यांचाच नियम होता. मघाशी उत्तर दिलं ती चूक झाली असं त्यांना वाटलं असेल आणि आता ते नियम पाळत असतील. असा माणूस होता तो. मी घरतकडे बघितलं. घरत म्हणाला, "अभिनय करतायत, साहेब."

पण मला ते पटेना. मी झाकणात तोंड घातलं आणि मोठ्याने म्हणालो, "कॅप्टनसाहेब, पोरांना डावीकडच्या जिन्याने पाठवतो."

आम्ही दोघं थांबलो. खालून काही आलं नाही.

मी पुन्हा म्हणालो, "डावीकडच्या. डाव्या बाजूच्या."

घरतचा चेहरा उतरला. तो पाठीवर हवेची टाकी चढवायला लागला, मी सांगायच्या आत.

सावंत मॅडम धावत शिडीखाली आल्या. "भोईर, आत्ता नको. साहेब खरंच नाक्यावर आलेत. पाचच मिनिटं. त्यांच्या आधी सुरू केलं तर मी काय सांगू?"

"मॅडम, हे ड्रिल नाही."

"मग काय आहे?"

मी म्हणालो, "ड्रिलच आहे, पण खरं आहे," आणि मुखवटा ओढून खाली उतरलो.

धूर यंत्राचा असला तरी त्यात हात दिसत नव्हता. भिंतीला हात लावून, पाय सरकवत, दोन जिने खाली. इंजिन म्हणून लछूशेठनी हिरवा रंग दिलेली मोठी पिंपं ठेवली होती, त्यांच्या मागे कॅप्टनसाहेब सापडले. एक हात अंगाखाली, मान एका बाजूला. वर्गात दाखवलं होतं अगदी तसे. मी हातमोजा काढून त्यांच्या गळ्याला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. उष्माघातात घाम थांबला की वेळ फार थोडा असतो.

वाळूचा पुतळा उचलणं आणि बेशुद्ध माणूस उचलणं यात केवढा फरक असतो ते त्या दिवशी कळलं. पुतळा जिथे धराल तिथे राहतो. माणूस भिजलेल्या गादीसारखा हातातून सांडतो. जिन्यांवरून कसंबसं आणलं. वरच्या भोकातून स्ट्रेचर जाईना, कारण ते भोक कॅप्टनसाहेबांनीच आल्याआल्या आग्रहाने खऱ्या जहाजाएवढं अरुंद करून घेतलं होतं. लाइफ जॅकेट अडकत होतं. घरतने ते कापलं. मग काखेतून दोर घालून आम्ही त्यांना उभंच्या उभं वर ओढलं, विहिरीतून कळशी ओढतात तसं.

त्यांचं डोकं झाकणातून वर आलं आणि बेंजो सुरू झाला.

साहेब पोचले होते. बेंजोवाल्यांना सांगितलेलं एवढंच होतं की साहेब खुर्चीवर बसले आणि माणूस वर आला की वाजवायचं. मांडवातून टाळ्या पडल्या. शेजारच्या कंपनीचे कामगार कुंपणापाशी येऊन बघत होते, तेही टाळ्या वाजवायला लागले. त्यांना इतक्या दिवसांनी एकदाचा उलगडा झाला होता. मोठे साहेब उत्साहाने जहाजाच्या शिडीवरून वर आले. कॅप्टनसाहेबांच्या तोंडाला फेस आला होता. साहेबांनी ते जवळून बघितलं.

"फारच नैसर्गिक," ते म्हणाले, आणि हातातला गुच्छ कॅप्टनसाहेबांच्या छातीवर ठेवला.

मी ओरडलो, "पाणी सोडा."

खाली होज धरून उभा असलेला फायरमन माझ्याकडे बघत राहिला. "किती, साहेब?"

"सगळं."

बंबातलं सगळं पाणी आम्ही त्या एका माणसावर ओतलं. होजचं तोंड फवाऱ्यावर ठेवून डोक्यापासून पायापर्यंत भिजवत राहिलो. गुच्छ वाहून गेला. मोठे साहेब भिजले, सावंत मॅडम भिजल्या, बेंजो भिजला आणि थांबला. पाणी डेकवरून उतरून प्लॉटभर पसरलं. मग कुठे लोकांना वाटायला लागलं की काहीतरी वेगळं चाललंय.

ॲम्ब्युलन्स होती. पण ती शोभेसाठी मांडवामागे उभी केली होती आणि तिच्यापुढे साहेबांच्या ताफ्यातल्या गाड्या लागल्या होत्या. गाड्यांचे ड्रायव्हर जेवायला गेले होते. लछूशेठ त्यांचा टेम्पो घेऊन आले.

"साईं, यात टाका. रस्त्यात रसवंतीवाला आहे, बरफ घेऊ."

नाक्यावरच्या उसाच्या रसाच्या गाडीवरची बर्फाची लादी लछूशेठनी न विचारता उचलली. ती फोडून गोणपाटात बांधून आम्ही कॅप्टनसाहेबांच्या काखेत, मानेखाली, जांघेत ठेवली. रसवाला टेम्पोमागे थोडा धावला, आत बघितलं, आणि उरलेला बर्फही फेकला.

उल्हासनगरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. विचारलं, "कुठे झालं?"

"इंजिन रूममध्ये."

"कसली इंजिन रूम?"

"जहाजाची."

"जहाज कुठे आहे?"

"एमआयडीसीत."

डॉक्टरांनी माझ्या अंगावरच्या लाइफ जॅकेटकडे बघितलं, गोणपाटातल्या बर्फाकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता कामाला लागले. नंतर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

आता घरी कळवायला हवं होतं. कॅप्टनसाहेबांच्या मिसेसचा नंबर माझ्याकडे होता, बोलणं कधी झालं नव्हतं. मी फोन लावला.

"वहिनी, मी अग्निशमन दलातून भोईर बोलतोय. घाबरू नका. कॅप्टनसाहेब जहाजावर बेशुद्ध झालेत."

थंड आवाजात त्या म्हणाल्या, "माझे मिस्टर रिटायर झालेत. ते अंबरनाथमध्येच आहेत."

"हो वहिनी, जहाजही अंबरनाथमध्येच आहे."

"असे फोन रोज येतात," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही पैसे मागाल." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. लछूशेठनी त्यांच्या फोनवरून लावला. त्यांच्या बोलण्यातला हिंदी सूर ऐकून वहिनींची खात्रीच पटली. त्यांनी सांगितलं की पोलिसांत देईन. घरतने लावला, तर नंबर लागेचना. आम्ही तिघं ओल्या कपड्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिलो. आतल्या माणसाचं काय होणार ते माहीत नाही आणि ज्यांना सांगायचं त्या ऐकत नाहीत. लछूशेठ एरवी एक मिनिट गप्प न बसणारे. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मैंने छेद छोटा बनाया ना, उनके बोलने पर. बडा बनाता तो." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुपार कलल्यावर कॅप्टनसाहेबांनी डोळे उघडले. बोलता यायला लागल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. मग वहिनी आल्या. लहानखुऱ्या, नीटस, हातात डबा.

तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. नोकरी संपली तेव्हा कॅप्टनसाहेबांनी त्यांना शब्द दिला होता की यापुढे जहाजावर पाय ठेवणार नाही. म्हणून घरी सांगितलं होतं की एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये शिकवायला जातो. आम्हाला ज्याला अखंड जहाज मानून दोर बांधायला लावत होते, ते घरी नुसती शेड होतं.

"ती शेडच आहे," ते उशीवरून क्षीण आवाजात म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "भोईर, जहाज आहे की शेड?"

एका बाजूला माझे कॅप्टन आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या मिसेस. मी म्हणालो, "वहिनी, ते अजून कार्यालयातही ठरलेलं नाही."

त्या हसल्या नाहीत. पलंगाशी बसल्या आणि माझ्याशीच बोलल्या, त्यांच्याशी नाही. "हे समुद्रावर असायचे तेव्हा फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. इतकी वर्षं. एकदाही तो फोन आला नाही. रिटायर झाले, म्हटलं आता झोपावं. आणि तो फोन आला, तर मी ठेवून दिला."

लछूशेठ खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

पुढची गंमत कार्यालयातली. मला नोटीस आली. प्रमुख पाहुणे स्थानापन्न होण्यापूर्वी प्रात्यक्षिक का सुरू केलं आणि वरिष्ठांच्या अंगावर पाणी का मारलं, याचा खुलासा करा. चौकशीला कॅप्टनसाहेब माझ्या बाजूने साक्ष द्यायला आले, काठी टेकत. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही खरोखर बेशुद्ध होता की अभिनय करत होता?"

दुसऱ्या कोणीही सरळ सांगितलं असतं. कॅप्टनसाहेबांनी विचार केला. म्हणाले, "सुरुवात अभिनयाने केली. बेशुद्ध कधी झालो ते सांगता येणार नाही. मी बेशुद्ध होतो."

हे लिहून घेता येईना. साक्ष बाद झाली. मला वाटलं, आपली बढती गेली. पण फाइल वर गेल्यावर तिथल्या एका बाईंनी मूळ मुद्दा काढला. बंदराच्या नोंदीप्रमाणे सरावाचं जहाज अजून बंदरात पोचलेलंच नव्हतं. जे जहाज ताब्यात आलेलं नाही त्यावर प्रात्यक्षिक होऊ शकत नाही, प्रात्यक्षिक झालं नाही तर ते वेळेआधी सुरूही झालं नाही, आणि साहेब भिजले असतील तर तो त्यांचा खाजगी प्रश्न. नोटीस रद्द. मला वाईट एवढ्याचंच वाटलं, की त्याच कारणाने घरतच्या नावाची शाबासकीही रद्द झाली. तो म्हणाला, "जाऊ दे साहेब, माणूस वर आला ना."

खऱ्या आगी मी नंतर बंदरावर पाहिल्या. अंबरनाथच्या जहाजात तयार झालेल्या पोरांनी एका खऱ्या इंजिन रूममधून दोन खलाशी जिवंत वर आणले. तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. घरतने फोन करून सांगितलं. मी तिथे नव्हतो याची रुखरुख आहे, खोटं कशाला बोलू.

परवा सहज रिक्षा करून जहाजावर गेलो. नवी बॅच होती. कॅप्टनसाहेबांचे पाय आता जिना चढू देत नाहीत. लछूशेठनी जहाजासमोर पत्र्याचं छप्पर घालून दिलंय, तिथे खुर्ची टाकून ते शिकवतात. शेजारच्या खुर्चीत वहिनी असतात. रोज बरोबर येतात, थर्मास आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. पोरं त्यांना दबून असतात, कॅप्टनसाहेबांपेक्षा जास्त.

त्या दिवशी खाली धूर सोडलेला, पोरं होज घेऊन झाकणापाशी वाकलेली, कॅप्टनसाहेब डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकत होते. वहिनींनी विणकामातून मान वर न करता, त्यांनी डोळे मिटले की मारतात तशी, हाक मारली, "अहो."

कॅप्टनसाहेबांनी हात वर केला. वरची पोरं थांबली, होजचं पाणी थांबलं, बेंबीच्या देठापासून ओरडणारा त्यांचा नवा सब ऑफिसरसुद्धा गप्प झाला.

"आहे," कॅप्टनसाहेब म्हणाले.

मग त्यांनी हात खाली केला, आणि पोरं धुरात उतरली.